बेळगावच्या चिखलाबाबत: जिल्हाधिकारी आणि तळी-नाल्यांच्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव जिल्हा,
तसेच जिल्ह्यातली तळी, नाले, गटारं आणि पाटबंधारे यांची कामं पाहणारे सर्व अभियंते

स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर गाळ काढायच्या निविदा निघतात आणि तळ्यांच्या सुशोभीकरणाचे आराखडे मंजूर होतात. गेल्या काही वर्षांत देशभरातल्या अशा आराखड्यांत एक नवी बाब दिसू लागली आहे. पाणी शुद्ध व्हावं म्हणून तळ्यात ‘जिवाणू मिश्रण’ सोडायचं. पिंपातून आणलेलं तपकिरी द्रावण किंवा पुडीतली पावडर, आणि सोबत कंपनीचं प्रमाणपत्र. असं द्रावण एका तळ्यात ओतताना मी काठावर उभं राहून पाहिलं आहे. शेजारीच एका पाइपातून वस्तीचं सांडपाणी त्याच तळ्यात पडत होतं, आणि ते कुणी बंद केलं नव्हतं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. वडगाव शिवारात आमची वडिलोपार्जित भातशेती आहे. माझं म्हणणं एवढंच की जिवाणू विकत घेऊ नका. लागतील तेवढे, लागतील त्या जातीचे, आपल्या चिखलात आधीच आहेत. त्यांनी पाणी निवळायचं की नासवायचं हे पाणी किती दिवस तुंबलं, त्यात हवा किती मिसळली, वरून काय येऊन पडलं, माती आंबट की चुनखडी, ऊन किती, यावर ठरतं. आणि ऊन सोडलं तर यातल्या बहुतेक गोष्टी तुमच्या सहीने होतात. चिखलाचा कारभार तुम्ही आजही चालवताच आहात. फक्त फायलीवर त्याचं नाव नाही.

(पत्र मराठीत आहे. कन्नड प्रत सोबत जोडली आहे. निदान चिखलाचा विषय तरी भाषेवरून अडू नये.)

आधी शिवारातला चिखल बघू. श्रावणात, पाण्याने भरलेल्या खाचरात खोऱ्याने चिखलाचा एक तुकडा अलगद उचला. वरचा जेमतेम काही मिलिमीटरचा थर तपकिरी असतो. त्याच्याखाली रंग एकदम बदलतो, राखाडी, निळसर, कुठे काळपट. आणि जिथून भाताची मुळी गेली आहे तिथे त्या राखाडीत गंजाची बारीक तांबडी रेघ दिसते, मुळीला चारी बाजूंनी वेढलेली. आजोबा हा तुकडा बोटांनी दाबून, वास घेऊन, पाणी सोडायचं की धरायचं ते ठरवत. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण ते वाचत होते ते रसायनशास्त्रच.

पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट हळू झिरपतो. खाचर भरलं की मातीत अडकलेला प्राणवायू तिथले जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. एक ग्रॅम मातीत त्यांची संख्या शंभर कोटींच्या घरात असू शकते, त्यामुळे वेळ लागत नाही. प्राणवायू संपला की काही मरतात, काही झोपी जातात, आणि ज्यांना त्याच्याविना जगता येतं ते पुढे सरसावतात. श्वासासाठी त्यांना दुसरं काहीतरी लागतं. मग पंगती बसतात, आणि मानाचा क्रम ठरलेला असतो. आधी नायट्रेट वापरणारे, मग मँगेनीजवाले, मग लोहवाले, मग सल्फेटवाले, आणि सगळ्यांचं उरकल्यावर अगदी शेवटी मिथेन करणारे. हे शेवटचे खरं तर जिवाणूही नव्हेत. आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातले आहेत. ज्यातून ऊर्जा जास्त मिळते ते आधी संपतं, एवढाच त्या क्रमामागचा हिशोब.

हा क्रम मोजता येतो. प्लॅटिनमची तार मातीत खुपसून मिलिव्होल्ट वाचायचे. हवेशीर मातीत आकडा अधिक ३०० च्या वर असतो, लोहाची पाळी येते तेव्हा अधिक १०० च्या आसपास, सल्फेटच्या वेळी उणे १०० ते १५०, आणि मिथेन सुरू होतो तेव्हा उणे २०० च्याही खाली. म्हणजे खोऱ्यावरचा निळसर राखाडी रंग लोहापर्यंत गाडी आल्याची खूण आहे. तांबडी रेघ भाताने केलेली. भात आपल्या पोकळ देठातून हवा थेट मुळापर्यंत नेतो, मुळीतून ती थोडी बाहेर झिरपते, आणि तेवढ्या जागेत लोह पुन्हा गंजतं. एका बोटाच्या रुंदीत हवेशीर आणि बिनहवेचे असे दोन प्रदेश, आणि त्यांच्यामधली सरहद्द.

सरहद्द म्हणजे काय ते आम्हाला सांगायला नको. पण चिखलातली ही सरहद्द फार कामाची आहे. सांडपाण्यातला नत्र येतो मुख्यतः अमोनियाच्या रूपात. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू हवा असल्याशिवाय काम करत नाहीत. त्या नायट्रेटचा निरुपद्रवी नत्रवायू करून हवेत सोडणाऱ्यांना मात्र हवा चालत नाही. म्हणून नुसत्या हवेशीर पाण्यात नायट्रेट साचत राहतं, नुसत्या कुजक्या पाण्यात अमोनिया तसाच राहतो. दोन्ही कामं होतात ती दोन्ही प्रदेश एकमेकांना खेटून असतात तिथेच: उथळ काठाला, पाणकणसाच्या आणि लव्हाळ्याच्या मुळांशी, पाणी कधी चढतं कधी उतरतं अशा पट्ट्यात. तळ्याचं शुद्धीकरण केंद्र हे असं काठावर असतं.

आणि सुशोभीकरणात आपण पहिल्यांदा नेमका काठच काढून टाकतो. उतरता काठ खणून उभी दगडी भिंत, वर चालायचा मार्ग, रेलिंग, रात्रीचे दिवे. गवत ‘घाण’ म्हणून उपटलेलं असतं. पाणी भिंतीला एकाच उंचीवर टेकतं आणि चढ-उताराचा पट्टा नाहीसा होतो. त्यानंतर पाणी हिरवं पडू लागलं, की जिवाणूंच्या पुडीसाठी वेगळी तरतूद. हा खर्चाचा क्रम मला कळत नाही.

आता बळ्ळारी नाल्याकडे या. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर, जुने बेळगाव, हलगा या सगळ्या शिवारांना हा नाला चांगलाच माहीत आहे. पुढे हेच पाणी मार्कंडेयला जातं, मार्कंडेय घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. म्हणजे हा काही फक्त चार शिवारांचा प्रश्न नव्हे. नाल्याचा उतार कमी, पात्र गाळाने उथळ, वर जलपर्णीचं झाकण, आणि आत शहराचं सांडपाणी. या चारी गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. सांडपाण्यातलं कुजणारं द्रव्य पाहून जिवाणू प्राणवायूवर तुटून पडतात. जलपर्णी वरून हवा आणि उजेड दोन्ही अडवते. पाणी हलत नाही म्हणून नवी हवा मिसळत नाही. मग नायट्रेट, मँगेनीज, लोह भराभर उरकून सल्फेटवाले बसतात, आणि त्यांचं उत्पादन म्हणजे कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. तो लोहाशी मिळून काळा लोह सल्फाइड होतो. नाल्यातला गाळ काळा का, याचं उत्तर एवढं सोपं आहे.

एप्रिल-मे महिन्यात वास का वाढतो, हेही त्यातच आहे. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच. उलट तापमान १० अंशांनी वाढलं की जिवाणूंचा कामाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पुरवठा घटला आणि मागणी वाढली. त्या दिवसांत नाल्यावर फवारलेलं सुगंधी औषध म्हणजे पैशाचा धूर.

अभियंत्यांसाठी एक खास गोष्ट, कारण तुमच्या काँक्रीटचा प्रश्न आहे. बंद गटारात हाच हायड्रोजन सल्फाइड पाण्यातून सुटून वर छताला लागतो. तिथे ओल असते, हवा असते, आणि गंधकावर जगणारे जिवाणू असतात. ते त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीट भुसभुशीत होऊन गळू लागतं. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियात पार्कर यांनी हे करणारे जिवाणू काँक्रीटमधून वेगळे काढून दाखवले. पीएच २ च्याही खाली, म्हणजे लिंबाच्या रसापेक्षा आंबट जागेत ते सुखाने नांदतात. बंद गटार तळाशी शाबूत आणि छताच्या बाजूने पोखरलेलं सापडलं, तर ठेकेदाराचं सिमेंट जरूर तपासा, पण उताराचा नकाशाही उघडून बघा. पाणी जिथे रेंगाळतं तिथेच हे होतं.

पुडीकडे परत येतो. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाइयेरिंक यांच्या कामावरून बास बेकिंग यांनी १९३४ मध्ये एक सूत्र मांडलं. सूक्ष्मजीव सगळीकडेच असतात, निवड परिस्थिती करते. पुढच्या काळात त्याला अपवाद सापडले, वाद झाले. पण तळं-नाल्याच्या पातळीवर ते अजून पक्कं उभं आहे. बाहेरून ओतलेले जिवाणू बहुतेक वेळा टिकत नाहीत. तिथे आधीच रुळलेले, संख्येने अफाट असलेले, त्या जागेचे उपवास आणि सुगी पचवलेले जिवाणू त्यांना उभं राहू देत नाहीत. जिथे पुडीने फरक पडल्याचं सांगतात, तिथे बहुधा सोबत हवा मारायचं यंत्रही बसवलेलं असतं. श्रेय यंत्राला द्या. ठरावीक विषारी रसायन मोडण्यासाठी बंद टाकीत खास जिवाणू वाढवणं हा वेगळा विषय आहे, त्याला माझा आक्षेप नाही. उघड्या तळ्यात, सांडपाण्याचा पाइप चालू ठेवून, ते चालत नाही.

हे कुणालाही घरी करून बघता येतं. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८८० च्या दशकात ही युक्ती काढली आणि आम्ही ती शाळेत नववीच्या मुलांकडून करून घेतो. नाल्याचा चिखल एका बादलीत घोटायचा. त्यात फाडलेला कागद, अंड्याच्या कवचाची पूड आणि चिमूटभर जिप्सम घालून उंच बरण्यांत भरायचा आणि वर पाणी ओतायचं. एकच चिखल, तेच जिवाणू. एक बरणी खिडकीत, दुसरी कपाटात, तिसरीत माशांच्या टाकीचा हवेचा पंप. काही आठवड्यांनी खिडकीतल्या बरणीत काचेला लागून तळाकडे हिरवा पट्टा येतो आणि त्याच्यावर जांभळट लाल. हे गंधकावर आणि उजेडावर जगणारे जिवाणू. कपाटातली बरणी काळीच राहते, झाकण उघडलं की वर्ग रिकामा होतो. पंपाच्या बरणीत वरचा गाळ तपकिरी होतो, वास जातो. कुणी कसलीही पुडी टाकलेली नसते. तुमच्या कार्यालयाच्या खिडकीत एक बरणी ठेवायची असेल तर मुलं आणून देतील; कपाटातली देणार नाहीत.

जिल्हा मोठा आहे आणि एकच आराखडा सगळीकडे चालवू नका, हे सांगायचं कारणही जिवाणूच आहेत. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभ्याची लाल, आंबट, लोहाने भरलेली माती आणि कोसळता पाऊस. पूर्वेला सौंदत्ती, उत्तरेला अथणीकडे काळी, चुनखडीची माती आणि पावसाची वानवा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ ठिकाणच्या माती तपासल्या. कोणत्या जातीचे जिवाणू किती, हे तिथल्या तापमानापेक्षा मातीच्या पीएचवरून जास्त ठरतं, असं त्यांना दिसलं. पाणी भरलं की मात्र हा फरक बुजू लागतो. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतले पोन्नम्पेरुमा यांनी १९७२ मध्ये बुडालेल्या मातीच्या रसायनशास्त्रावर जो मोठा लेख लिहिला, त्यात हे नीट मांडलं आहे. आंबट माती पाण्याखाली कमी आंबट होते, चुनखडीची कमी अल्कधर्मी, आणि दोन्ही काही आठवड्यांत साधारण पीएच ७ च्या, म्हणजे ना आंबट ना अल्कधर्मी अशा पातळीच्या, आसपास येतात. म्हणजे पाणी किती काळ धरलं यावर जिवाणूंची वस्तीच बदलते.

जांबोटीकडच्या झऱ्यांवर, ओहोळांच्या कडेला, पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आणि खाली नारिंगी लोंबकळणारा कापसासारखा थर दिसतो. पर्यटक फोटो काढून ‘डिझेल सांडलं’ म्हणून तक्रार करतात. काडीने तवंग हलवून बघा. तेल असेल तर तो पुन्हा जुळतो. लोहाच्या जिवाणूंचा असेल तर त्याचे तुकडे पडतात आणि तसेच तरंगत राहतात. हा तवंग स्वच्छ करायची काही गरज नसते. तिथे जमिनीतलं बिनहवेचं, लोहयुक्त पाणी पहिल्यांदा हवेला लागतंय, एवढंच ते सांगतं. अशा झऱ्याला सिमेंटचा कट्टा बांधून तो ‘सुधारण्याची’ हौस कृपया आवरा.

आता वाळण्या-भिजण्याबद्दल. हा विषय शेतकऱ्याला कळतो आणि फायलीत कधी येत नाही. आमच्याकडे धूळवाफ पेरणी होते, म्हणजे कोरड्या, उन्हाने भाजलेल्या मातीत भात पेरून पावसाची वाट बघायची. पहिला वळीव पडला की जो वास येतो तो जिओस्मिनचा, आणि तो करणारे मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू. पण वासापेक्षा मोठी गोष्ट खाली घडत असते. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये दाखवलं, की वाळलेली माती पुन्हा भिजली की सूक्ष्मजीवांचा श्वास एकदम उसळतो आणि अडकून पडलेला नत्र पिकाला मोकळा होतो. उन्हाळ्यात मरून सुकलेल्या जिवाणूंवर उरलेले ताव मारतात, ढेकळं फुटून आतलं अन्न उघडं पडतं. उन्हाळी नांगरट करून माती तापू द्यायची ही जुनी रीत त्यामुळेच मला अंधश्रद्धा वाटत नाही. तळ्याचा तळ उन्हाळ्यात थोडा उघडा पडणंही तसंच. बोटिंगसाठी बाराही महिने तळं काठोकाठ ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि याच्या उलट टोक म्हणजे न ओसरणारं पाणी. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर सगळ्यांना आठवतो. भात पाण्यावर असतो तोपर्यंत देठातून मुळाला हवा पुरवतो. शेंडा बुडाला की तो मार्गच बंद. मग मुळाभोवतीची तांबडी रेघ जाते, सल्फाइड थेट मुळाला भिडतो, मुळं काळी पडतात, आणि पाणी उतरल्यावर उभं दिसणारं रोप हाताने ओढलं की सहज निघून येतं. पंचनाम्यात त्या दिवशी ‘पीक उभे आहे’ असं लिहिलं जाऊ शकतं. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असलं की हे आणखी लवकर घडतं, कारण कुजणारं द्रव्य जितकं जास्त तितक्या पंगती भराभर उठतात. म्हणून पूर किती फूट आला एवढंच मोजून नुकसान कळत नाही. किती दिवस थांबला आणि कसलं पाणी होतं, हेही लिहायला हवं.

नुकसान भातापुरतं थांबत नाही. सुगीनंतर त्याच खाचरात, अंगओलीवर, आम्ही मसूर, हरभरा, वाटाणा घेतो. मसुराच्या मुळावरच्या गाठींत रायझोबियम नावाचा जिवाणू हवेतला नत्र बांधतो. जमीन निबर, तुंबलेली, बिनहवेची राहिली तर गाठी धरत नाहीत आणि मसूर पिवळा पडतो. भाताच्या दिवसांतही हे फुकटचं खत चालूच असतं. खाचराच्या पाण्यातली निळी-हिरवी शेवाळं म्हणून जी ओळखली जातात ते खरं तर जिवाणूच, आणि ते नत्र बांधून भाताला देतात हे १९३९ मध्ये पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. सांडपाण्याचा अमोनिया शिवारात भरून आला की ही मंडळी नत्र बांधायचं बंद करतात. तयार मिळाल्यावर कोण राबतं? वर नत्र जास्त झाल्याने भात नुसता वाढतो, लोळतो, रोग धरतो. नाल्याच्या पाण्याने ‘खत मिळतं’ असं बोलणाऱ्या शहरातल्या लोकांनी एकदा लोळलेला भात कापून बघावा.

तळ्यातल्या हिरव्या पाण्याचंही मूळ तळातच असतं. लोह गंजलेल्या स्थितीत स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं. तळाचा प्राणवायू संपला, जिवाणूंनी लोह विरघळवलं, की स्फुरद सुटून वर येतो आणि पाणी हिरवंगार होतं. सांडपाणी बंद केल्यावरही काही वर्षं तळं हिरवं पडतं ते त्यामुळे. तेव्हा ‘पाइप बंद करून उपयोग झाला नाही’ असा शेरा पहिल्याच वर्षी मारू नका.

एक गोष्ट लपवणार नाही, कारण ती उद्या आमच्याच विरुद्ध वापरली जाईल. पाणथळ जागा आणि भातशेती मिथेन सोडतात. माणसाच्या उद्योगातून निघणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ८ टक्के भातशेतीचा, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तरी तापवतो. पण यावरून ‘बुजवा मग’ असं म्हणणं म्हणजे चूल धूर करते म्हणून स्वयंपाकच बंद. चिखलात मिथेन खाणारेही आहेत. वरच्या तपकिरी थरात आणि मुळाच्या तांबड्या रेघेत बसून ते वर निघालेल्या मिथेनचा मोठा वाटा संपवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आपल्या भातखाचरांतून असे जिवाणू वेगळे काढले, त्यांतल्या काकडीच्या आकाराच्या एकाला मिथायलोकुकुमिस ओरायझी असं नाव मिळालं. २०१२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी आणखी एक नवल उजेडात आणलं. चिखलातले काही जिवाणू एकापुढे एक लागून सेंटिमीटरभर लांब तारा करतात आणि खालचे इलेक्ट्रॉन वरच्या प्राणवायूपर्यंत वाहून नेतात. २०२० मध्ये भाताच्या कुंड्यांत हे जिवाणू घातले तेव्हा मिथेन ९० टक्क्यांहून अधिक घटला. कुंडीतला प्रयोग तो, शिवारातला नव्हे, आणि उद्या याचीही पुडी निघेल. माझ्या लेखी त्यातून एवढंच निघतं, की खालचा बिनहवेचा चिखल आणि वरची हवा यांचा संबंध तुटू देऊ नये.

तो न तोडायची शेतावरची रीत साधी आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सुचवलेली पाळीपाळीने भिजवण्याची पद्धत. भोकं पाडलेली नळी खाचरात पुरायची, आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं की मगच पुन्हा भरायचं, फुलोऱ्यात मात्र पाणी ठेवायचं. मिथेन साधारण ३० ते ५० टक्के कमी होतो आणि पाणीही वाचतं. पण त्यासाठी पाणी सोडणं शेतकऱ्याच्या हातात हवं. नाला फुगून उलटा शिवारात शिरतो तिथे ही नळी शोभेची.

कायद्याबद्दल फार लिहीत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांत भातशेती, नदीपात्र आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी वगळलेली आहेत. पाणथळ जागांसाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची व्याख्या मात्र माणसाने केलेल्या पाणथळ जागाही धरते, आणि २००८ च्या ठरावात भातखाचरांचा पाणथळ म्हणून स्वतंत्र उल्लेख आहे. राष्ट्रीय यादीत २.२५ हेक्टरपेक्षा लहान जागा नुसते ठिपके म्हणून येतात. म्हणजे गावतळं, शिवारातली दलदल, नाल्याचा फुगवटा यांना या नियमांत संरक्षण जवळपास नाही. जिल्हाधिकारी म्हणून आपल्याला मात्र भराव, पहाणी-उताऱ्यावरचा (आरटीसी) वापरबदल आणि नाल्याची हद्द यांवर आजच अधिकार आहे. नव्या नियमाची वाट बघायची गरज नाही.

तेव्हा मागणं असं. शिवार आणि तळ्यांत पडणारे सांडपाण्याचे पाइप आधी अडवा; बाकी कुठलाही खर्च त्याच्यानंतर. गाळ काढताना पात्राची रुंदी आणि उतार मोकळा करा, पण दोन्ही काठ एकाच हंगामात खरवडून काढू नका. एका बाजूचं पाणकणीस राहू द्या, पुढच्या वर्षी दुसरी बाजू घ्या. काढलेली जलपर्णी काठावर रचून ठेवू नका, पहिल्या पावसात तिचा रस परत नाल्यातच येतो. काळा गाळ शेतात टाकायला देण्याआधी तपासा, कारण शहराच्या गाळात जड धातू असू शकतात. तळ्यांच्या आराखड्यात निम्मा तरी काठ उतरता आणि बिनभिंतीचा ठेवा. आणि जिवाणू मिश्रणाची तरतूद खोडून ते पैसे मोजणीवर घाला.

मोजणीचं म्हणाल तर, २०१५ पासून चालू असलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाशपासून जस्त, बोरॉनपर्यंत. माती बुडालेली होती की हवेशीर, तिच्यात कोण जगतंय, याचा एक रकाना नाही. जिवाणूंची डीएनए तपासणी महाग आहे, ती प्रत्येक शेताची करा असं म्हणत नाही. नाल्यालगतच्या काही खाचरांत आणि चार-दोन तळ्यांत पावसाआधी, भर पावसात आणि सुगीनंतर केली तरी पुष्कळ कळेल. बाकीच्यांसाठी स्वस्त उपाय आहे. प्लॅस्टिकच्या नळीला लोहगंजाचा रंग लावून ती मातीत रोवायची आणि काही आठवड्यांनी उपटायची. जिथला रंग जिवाणूंनी खाल्ला, तिथवर माती बिनहवेची झाली होती. शाळेतली मुलंही हे करू शकतात. राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडकांसाठीचं केंद्र बेळगावातच आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, धारवाडचं कृषी विद्यापीठ दोन तासांवर आहे. बाहेरचा सल्लागार आणायची वेळ येऊ नये.

नमुने घ्यायला कुणाला पाठवणार असाल तर पाऊस लागल्यावर पाठवा, मे महिन्यात येऊन कोरड्या बांधावरून बघून जाण्यात अर्थ नाही. शिवार दाखवायला आम्ही येऊ. गमबूट आणायला सांगा, आणि पांढरा शर्ट नको.

कळावे,

आपला,
वडगाव शिवारातला एक शेतकरी आणि शाळामास्तर